नागपूर ते पुणे, 29 वा आठवडा, मे महिना: रेल्वे, विमान की कार?

धरमपेठवाला:
बायकोला 26 वा आठवडा सुरू आहे. डोहाळजेवण इथं आटोपून मेच्या सुरुवातीला तिला पुण्याला माहेरी पोचवायचं आहे, बाळंतपण तिकडेच. तेव्हा 29 वा लागलेला असेल. पहिलटकरीण, एकच बाळ, बीपी-शुगर ठीक, हिमोग्लोबिन 10.4. डॉक्टर जा म्हणाल्या. घरात तीन मतं: आई म्हणते रात्रीची रेल्वे, भाऊ म्हणतो समृद्धीनं गाडी काढू, मला विमान बरं वाटून राहिलं.

आठवडे_मोजा:
विमानच. दीड तासाच्या आत पुणे. फक्त एक घोळ टाळा: आपण ‘सातवा महिना’ म्हणतो, विमान कंपनी आठवडे मोजते. काही कंपन्या 28 आठवड्यांनंतर, तर काही 32 नंतर प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र मागतात. 36 नंतर बहुतेक घेतच नाहीत. तुम्ही नेमके सीमेवर आहात, म्हणून प्रमाणपत्र घेऊनच ठेवा. त्यावर प्रवासाच्या दिवशीचे पूर्ण आठवडे, प्रसूतीची अपेक्षित तारीख, बाळ एकच असल्याचा उल्लेख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. तारीख प्रवासाच्या अगदी जवळची. महिन्याभरापूर्वीचा कागद काउंटरवर चालत नाही, आणि मग भांडून काही होत नाही.

जागा आइलची घ्या. इमर्जन्सी दाराजवळची रांग गरोदर बाईला देत नाहीत. मेटल डिटेक्टरच्या चौकटीत एक्स-रे नसतो, बिनधास्त जाऊ द्या.

हिमोग्लोबिन 10.4 हा सौम्य अ‍ॅनिमिया, त्यानं विमान अडत नाही. पण लोहाची गोळी चहा-दुधासोबत घेत असतील तर ती अंगी लागत नाही, एवढं पाहा.

खालचा_बर्थ:
रेल्वेला इतकं मोडीत काढू नका. आडवं होता येतं, उठून चालता येतं, संडास जवळ असतो. हे तिन्ही एकत्र दुसऱ्या कुठल्या वाहनात नाही. गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, पण त्यासाठी आरक्षण खिडकीवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन जावं लागतं. डब्याच्या टोकाचा बर्थ आला तर टीटीईला बदलून मागा. टोकाला चाकांचे हादरे जास्त, वर दाराची आणि संडासाची ये-जा. थ्री एसीत डब्याच्या मध्यभागातले खालचे बर्थ म्हणजे 25, 28, 33, 36. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत मात्र नको: दिवसाची गाडी, 12 तास बसून.

वर्धारोड:
भाऊंना सांगा, समृद्धी चांगलीच आहे, पण ती पुण्याला जात नाही ना बाप्पा! संभाजीनगरला उतरून पुढं नगरचा रस्ता, म्हणजे थकलेल्या अंगावर ट्रक, गतिरोधक आणि गर्दी. थांबे धरून दिवस जातो. जायचंच असेल तर पहाटे 4 ला निघा, दर दीड तासाला थांबून तिला 10 मिनिटं पायी फिरवा. गरोदरपणात रक्त गुठळ्या धरायला जास्त तयार असतं, म्हणून हे थांबणं हौसेचं नव्हे.

पट्टा पोटावर दाबतो म्हणून काढून टाकतात, ती मोठी चूक. कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांडीच्या वर, कुल्ल्याच्या हाडांवरून; खांद्याचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूनं. पोटावरून आडवा गेला तर धक्क्यात सगळा जोर गर्भाशयावर येतो.

ओआरएस:
कशानंही जा, मेमधलं नागपूर विसरू नका. पाणी कमी पडलं की पोट कडक होऊन कळांसारखं दुखू शकतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट टाकलं की मीठ-साखर जास्त होते आणि उलटं होतं. रसवंतीतला बर्फ घातलेला रस, कापलेलं टरबूज, पाण्याचे पाउच बंद. दूषित पाण्यातून येणारी हेपॅटायटिस ई कावीळ गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तिमाहीत, जिवावर उठते.

फाइल हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नाही: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट. रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतरानं कळा, डोकं दुखून डोळ्यांपुढे चमकणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही दिसलं तर प्रवास तिथंच थांबवा. रस्त्यावर 108, रेल्वेत 139.

धरमपेठवाला:
विमान ठरलं, सकाळचं. पायात घट्ट मोजे घालायला सांगतात, ते लागतील का?

आठवडे_मोजा:
दीड तासाला गरज नाही, घोटे गोल फिरवत राहिल्या तरी पुरे. याआधी कधी गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. पुढं कधी लांबच्या प्रवासाला घेतलेच, तर गुडघ्याखालचे घ्या, सकाळी सूज चढण्याआधी घोटा आणि पोटरी टेपनं मोजून. वरची कड दुमडू देऊ नका, दुमडली की दोरी बांधल्यासारखं आवळतं.