चॉकलेट-पीकॅन पाय (बर्बन व्हिस्की घालून) मधोमध पातळ राहतो, सल्ला हवा

तिखटमीठ
मंडळी, आम्ही लेक्सिंग्टनला (केंटकी) येऊन दोन वर्षं झाली. यंदा थँक्सगिव्हिंगला नवऱ्याच्या सहकाऱ्याकडे बोलावणं आहे. १४ माणसं. टर्की त्यांची, आणि "गोडाचं माझ्याकडे" असं मी तोंड वर करून सांगून बसले आहे.

मागच्या ख्रिसमसला हाच पाय (पारीत भाजलेलं गोड सारण, अक्रोडासारखे पीकॅन घालून) घरी केला होता. वरून काय देखणा! कापला तर मधून रस्सा वाहिला आणि खालची पारी कच्ची कणीक. शेवटी वाट्यांत घालून चमच्याने खाल्ला. ३ अंडी, १ कप कॉर्न सिरप, १ कप साखर, चॉकलेट चिप्स, ३५० फॅरनहाइटला ४५ मिनिटं. पारी कच्चीच होती, तिच्यातच सारण ओतलं.

दुसरी अडचण म्हणजे साबा (सासूबाई) आल्या आहेत. अंडं खातात, पण थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारी आणि यंदा, २०२५ साली, २७ नोव्हेंबर हा नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आणि बर्बनचं त्यांना काय सांगू?

शेंगदाणा
शीर्षक वाचून वाटलं कुणाचा तरी पाय मोडला. सल्ला काही नाही, खायला बोलवा.

आळशी_सुगरण
जॉर्जियात राहते, इथे पीकॅनच्या बागाच बागा. दर वर्षी दोन पाय करते, म्हणून अधिकाराने लिहितेय.

हा पाय खरवसासारखा जमतो. तिथे चिकातली प्रथिनं, इथे अंड्यातली. ४५ मिनिटांत ती जमली नाहीत, एवढंच झालं. चॉकलेटमुळे सारण काळं, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही. हलवून बघायचं. कडा घट्ट आणि मधला दोन-तीन इंचांचा भाग खरवसासारखा थुलथुलला की बाहेर. लाटेसारखं हललं तर अजून कच्चं. थर्मामीटर असेल तर मधोमध २०० फॅरनहाइट (९३ सेल्सिअस) बघा, विषय संपला. माझ्याकडे ५० ते ५५ मिनिटं लागतात. कडा लवकर लाल होतात, म्हणून अर्ध्या तासाने त्यांवर फॉइलची कडी बसवते.

आणि गरम कापू नका! निदान चार तास निवू द्या. मागच्या वेळी किती वेळ थांबला होता? (मला उत्तर माहीत आहे.)

पारीचं. सव्वा कप मैदा, एक स्टिक (११३ ग्रॅम) गार लोणी, पाव चमचा मीठ, ३-४ टेबलस्पून बर्फाचं पाणी. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे राहू द्यायचे, कणकेसारखं मळायचं नाही. आपला हात तिथेच चुकतो, मऊसूत गोळा होईपर्यंत चैन पडत नाही. तासभर फ्रिजमध्ये, मग लाटून ९ इंची ताटलीत, वर पार्चमेंट (भाजायचा कागद) आणि त्यावर वजनाला कोरडा राजमा. ४०० ला १५-२० मिनिटं, मग राजमा काढून आणखी ५-७ मिनिटं. तो राजमा एका बरणीत वेगळा ठेवा, माझा सहा वर्षं चाललाय. पाय भाजताना खालच्या कप्प्यात, आधीच तापलेल्या ट्रेवर ठेवा.

सारण: पाऊण कप ब्राउन शुगर, पाऊण कप गडद कॉर्न सिरप, ३ अंडी, अर्धी स्टिक लोणी आणि ११५ ग्रॅम डार्क चॉकलेट एकत्र वितळवून कोमट केलेलं, २ टेबलस्पून बर्बन, चमचाभर व्हॅनिला, अर्धा चमचा मीठ, दीड कप पीकॅन. तुमची साखर आणि सिरप दोन्ही कमी केलंय, चॉकलेट मुळातच गोड असतं. अंडी फेस येईपर्यंत घुसळू नका. पीकॅन आधी ८-१० मिनिटं भाजून घ्या, त्याशिवाय वासच येत नाही. आणि चाखून घ्या. त्यांत तेल भरपूर, पाकीट कपाटात राहिलं की खवट. मी फ्रीझरमध्येच ठेवते.

निळी_शाई
कॉर्न सिरपऐवजी काकवी घातली तर? इंडियन स्टोअरमध्ये मिळते. कॉर्न सिरप नावाचीच मला धास्ती आहे.

आळशी_सुगरण
एकदा पूर्ण काकवी घातली होती. काळाकुट्ट झाला, किंचित कडवट, आणि बर्बन कुठे गेली कळलंच नाही. पाव कप काकवी, अर्धा कप कॉर्न सिरप असं करा, छान खमंग लागतो. कॉर्न सिरपमधल्या ग्लुकोजमुळे पाक साखरत नाही, तेवढ्यासाठी ते हवं. एरवी साखर कपाने घालायची आणि सिरपला घाबरायचं, हे मला पटत नाही.

उंबरठा
बर्बनवर बोलायला कोणी पुढे येईना, म्हणून मी. लेक्सिंग्टनला राहून हा प्रश्न म्हणजे कोल्हापुरात राहून गूळ कुठला घेऊ विचारण्यासारखं आहे. बर्बन काउंटी तुमच्या शेजारचीच!

महागडी अजिबात घेऊ नका, भट्टीत तिचे बारकावे उडून जातात. दुकानात ५० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळतात, एक पुरते. ३० मिली पायात, १५ मिली व्हिप्ड क्रीममध्ये, उरलेली ५ मिली करणाऱ्याची मजुरी. बर्बनला निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. तो व्हॅनिला-कॅरॅमलचा वास तिथून येतो, म्हणून पीकॅनशी जमतं. धुरकट स्कॉच घालू नका, मी घातली आहे. फायरप्लेस खाल्ल्यासारखं वाटलं.

मद्य सगळं उडून जातं असं लोक ठोकून देतात. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे मिश्रणात घालून तासभर भाजलं तरी सुमारे २५ टक्के उरतं. ३० मिली बर्बनमध्ये मद्य साधारण १२ मिली, त्यातलं ३ उरलं, ते आठ तुकड्यांत. नगण्यच, पण शून्य नाही. क्रीममधली मात्र भाजलीच जात नाही. मुलांसाठी क्रीम वेगळं ठेवा. आणि साबांना न सांगता वाढू नका, हे कळकळीने.

शेंगदाणा
म्हणजे आपल्या लहानपणच्या बोरबॉन बिस्किटात काहीच नव्हतं? फसवणूक!

खिडकीतली_तुळस
मद्य नको असेल तर दोन टेबलस्पून कडक काळी कॉफी. चॉकलेटला उठाव येतो, कुणी विचारतही नाही. बिनअंड्याचा पीकॅन पाय मी तीनदा केला, तिन्ही वेळा चिकट चॉकलेटची वडी झाली. साबांसाठी वेगळं काहीतरी करा, नाहीतर त्यांचा तुकडा शुक्रवारी.

विकतची पारी घेणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. काहींत लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते.

निळी_शाई
ह्यालाच डर्बी पाय म्हणतात ना?

उंबरठा
भाऊबंद आहे. तो अक्रोडाचा, आणि ते नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. म्हणून इथली हॉटेलं आपापल्या पायाला भलतीच नावं देतात.

पेठेतला_पाहुणा
पुण्यातून विचारतोय, पीकॅन फार महाग पडतात हो. अक्रोड चालतील?

आळशी_सुगरण
चालतील. भाजून, फडक्यात चोळून सालं काढा, नाहीतर तुरट लागतात. कॉर्न सिरपऐवजी लिक्विड ग्लुकोज घेत असाल तर थोडं कमी घ्या, ते फार घट्ट असतं.

तिखटमीठ, बुधवारीच करून टाका. गुरुवारी यजमानांचा ओव्हन टर्कीच्या ताब्यात असणार. निवला की फ्रिजमध्ये, अंड्याचा पदार्थ आहे.

तिखटमीठ
सगळ्यांचे आभार. दोन पाय केले, एकात बर्बन, एकात कॉफी. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला तेव्हा कळलं, ३५० लावल्यावर आत ३२५च असतं. मग २५ वाढवून लावलं. ५४ मिनिटांनी २०० आलं. बर्बनच्या पायाला वर एक भेग पडली, तिच्यावर क्रीम थापलं. तुकडे सरळ उभे कापले गेले! कॉफीचा जास्त संपला, याचं थोडं वाईट वाटलं.

साबांना आधीच दोन्हींतलं सगळं सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी चहाबरोबर त्यांनी स्वतःच बर्बनवाल्याचा तुकडा घेतला. "चिक्कीच की ही, मऊ केलेली," म्हणाल्या. मग दुसरा घेताना, "यात ते औषध जरा कमीच पडलंय."