साखरपुड्याच्या फोटोंसाठी फोटोग्राफर कशावरून ठरवायचा?

केवडा (प्रश्न)
साखरपुड्यानिमित्त दोघांचे फोटो काढून घ्यायचे आहेत. समारंभाचे नकोत, फक्त आमच्या दोघांचे, मोकळ्या जागेत, साधारण दीड तास. तीन फोटोग्राफर निवडून ठेवलेत, पण तिघांच्याही इन्स्टाग्रामवर सगळंच छान दिसतंय. भेटल्यावर नेमकं काय बघायला मागू आणि काय विचारू? त्याला चष्मा आहे, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सवय दोघांनाही नाही.

तिरपे_ऊन
इन्स्टाग्राम बाजूला ठेवा. तिथे पन्नास जोडप्यांचा प्रत्येकी एक फोटो असतो. तुम्हाला मिळणार आहेत एका जोडप्याचे पन्नास. म्हणून एकाच जोडप्याची, एकाच दिवसाची, त्यांना दिली तशी अख्खी गॅलरी बघायला मागा. अशा दोन तरी. लिंक पाठवत नसतील तर समोर बसून लॅपटॉपवर दाखवली तरी चालेल, लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न असतो. पण कुठल्याच प्रकारे दाखवायला तयार नसतील तर मी पुढच्याकडे जाईन.

गॅलरीत सगळ्यात आधी अवघड उजेडातले फोटो शोधा. सूर्य डोक्यावर असताना डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. झाडाखाली पानांतून उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर येतात, आणि हिरवळीवर उभं राहिलं की हनुवटीखाली हिरवट झाक चढते. कवडसे एडिटिंगमध्ये नीट जात नाहीत, जागेवरच माणसांना चार पावलं हलवावं लागतं. ज्याला उजेड कळतो तो हलवतो. सूर्य पाठीमागे असलेल्या फोटोंत चेहरे काळवंडलेत का, तेही बघा. त्वचेचा रंग पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत सारखा हवा. एकात नारिंगी, पुढच्यात राखाडी असेल तर प्रीसेट (रंगांची तयार सेटिंग) लावून मोकळे झालेत असं समजा.

मग मोठं करून दोघांचेही डोळे तपासा. धूसर पार्श्वभूमीच्या हव्यासात इथे घात होतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, 85 मिमी लेन्स, एफ 1.4 (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं) आणि दोन मीटर अंतर असं गणित धरलं, तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम साडेचार सेंटिमीटर येते. एक जण अर्धं पाऊल मागे असला की त्याचा चेहरा मऊ पडलाच. एफ 2.8 ला ती खोली दुप्पट होते. दोन चेहरे मागेपुढे असतील तर एफ 2.8 ते एफ 4 बरं. धूसरपणा हवाच असेल तर जोडप्याला भिंतीपासून किंवा झुडपापासून लांब आणायचं.

लोलक
वरचं सगळं मान्य, पण सवय नसलेल्यांसाठी उजेडापेक्षा बोलणं जास्त महत्त्वाचं. दोन गॅलऱ्या शेजारी ठेवा. तीच पाच पोझेस, फक्त माणसं बदललेली, असं दिसलं तर तुमचंही तेच होणार. चांगला माणूस 'हसा' म्हणत नाही. चालत या, वाऱ्याने उडालेले केस बाजूला करा, असं काहीतरी करायला देतो. गॅलरीत हात बघा. लटकलेले, ताठ बोटांचे हात म्हणजे सूचना दिलेल्या नाहीत. चालतानाच्या फोटोंत पाय, हात हललेले असतील तर शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) मंद ठेवलेलं होतं, 1/250 सेकंद किंवा त्याहून जलद हवं.

चष्म्याचं आधीच सांगून ठेवा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेर सावलीतही त्या गडद होतात, म्हणून साध्या काचांची जोडी आणा. चमक येत असेल तर काड्या कानावर किंचित उचलल्या की काचा खाली झुकतात आणि आकाशाचं प्रतिबिंब जातं. अगदी बारीक रेघांचे कपडे टाळा, सेन्सरवर लाटांसारखी नक्षी उमटते.

दप्तरदार
पैसे देण्याआधी लेखी घ्या, ईमेलवर असलं तरी चालेल. पहिली ओळ: फोटो कोण काढणार, त्याचं नाव. स्टुडिओ मोठा असला की काम दाखवतो एक आणि येतो दुसरा. मग गॅलरीही त्या येणाऱ्याचीच बघायला हवी. त्यानंतर किती वेळ, एडिट केलेले किमान किती फोटो, किती दिवसांत, पाऊस आला तर तारीख कशी बदलणार, ॲडव्हान्स कधी परत मिळणार. जागेची परवानगी कोण काढणार हेही. तुमचे फोटो त्यांनी जाहिरातीत वापरायचे की नाही हे स्पष्ट लिहा. हक्क कोणाचे याचे कायदे देशागणिक वेगळे असतात, करारात लिहिलेलं बरं.

'एडिटिंग' या शब्दावर वाद होतात. रंग-उजेड सगळ्या फोटोंचा नीट करतात, पण त्वचेवरचा डाग किंवा मागचा माणूस काढणं हे रिटचिंग, आणि ते बहुतेक मोजक्याच फोटोंना असतं. किती, ते विचारा.

कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर लिहिला जातो का, आणि फाइल्सच्या प्रती किती ठिकाणी ठेवता, हेही विचारा. कार्ड बिघडणं क्वचित होतं, पण झालं की काही उरत नाही.

केवडा
खूप उपयोगी, धन्यवाद. दोन शंका. एक जण 'अमर्याद फोटो' देतो म्हणतोय, दुसरा रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या, एडिट न केलेल्या मूळ फाइल्स) द्यायला नाही म्हणतो. आणि वेळ कुठली घ्यावी?

दप्तरदार
रॉ न देणं सर्रास आहे, त्यात खोट नाही. ती अर्धवट सामग्री असते आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. तुम्हाला पूर्ण आकाराचं जेपेग हवं. 12 बाय 18 इंचाचा प्रिंट 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) काढायचा तर 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून आलेले त्यासाठी कामाचे नाहीत, डाउनलोडची लिंक घ्या. 'अमर्याद' म्हणजे बहुधा न निवडलेले. तोच फोटो डोळे मिटलेला, अर्धे मिटलेला आणि उघडा, असे तीन आले तर निवडायचं काम तुमच्या गळ्यात पडलं.

तिरपे_ऊन
वेळ सूर्यास्ताआधी दीड तास. पहिली वीस मिनिटं अंग मोकळं व्हायला जातात, ती कडक उन्हात गेली तरी चालतात, सावलीत काढायचं. शेवटच्या तासात ऊन आडवं आणि मऊ होतं. मात्र क्षितिजावर डोंगर किंवा इमारती असतील तर ऊन बरंच आधी जातं, कॅलेंडरमधल्या वेळेवर विसंबू नका. तिघांनाही विचारा, की या जागी सूर्य कुठून मावळतो. ज्याने जागा बघितली नाही आणि बघायला जाणारही नाही, त्याचं नाव खोडा.