मदत हवी आहे: बेशरमाचं झुडूप आणि चामडीवरचा बॅक्टेरिया, तुलना कशी करू?

नमस्कार मंडळी, पोरगी अकरावी सायन्सला आहे, तिला दोन एकदम वेगळ्या सजीवांची तुलना करायची आहे आणि या बाईने निवडलं काय तर हतनूर धरणाच्या पाण्याकाठी माजलेलं बेशरम, आयपोमिया कार्निया, आणि आपल्या चामडीवर राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस!! आता झालं असं की एकाच्या पेशीत केंद्रक, दुसऱ्यात नाही, एकाची भित्तिका सेल्युलोजची, दुसऱ्याची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांची जाळी), इथपर्यंत माझं पण जमलं. गाडी अडली पुनरुत्पादनावर. बेशरमाची फांदी तोडून चिखलात फेकली तरी मुळं धरते (उगाच नाही नाव पडलं भो), आणि तो बॅक्टेरिया सरळ एकाचे दोन होतो. म्हणजे दोन्हीकडे कॉपीच ना? मग दोन्ही अलैंगिक म्हणून एकाच रकान्यात टाकायचं का, की फांदीत मायटोसिस (केंद्रकाची सारखी वाटणी करून पेशी दुभागणं) होतं म्हणून वेगळं लिहायचं? अजून एक, बेशरम बकऱ्यांनी बरेच दिवस खाल्लं तर त्या झोकांड्या खातात, आणि तो जंतू चामडीवर गरीब पण कॅथेटरवर (शरीरात घातलेल्या नळीवर) थर जमवून इन्फेक्शन करतो, हे दोन्ही "अपाय" मध्ये चालेल का? बायोलॉजीवाले कोणी असेल तर सांगा, सोमवारी द्यायचंय.