पिल्लासाठी क्रेट घ्यावा का? केवढा, कुठला, आणि सासूबाईंना कसं पटवू?

सांजवारा
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गावठी कुत्री व्याली, पाच पिल्लं झाली. त्यातलं एक आमच्याकडे आलंय. नाव गुंड्या, वय अंदाजे ११ आठवडे, परवा डॉक्टरांकडे वजन ४ किलो ८०० भरलं. पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. नवरा मंगळवार ते गुरुवार हिंजवडीला जातो, मी शाळेत शिकवते, दीडला घरी येते. म्हणजे ते तीन दिवस सकाळी नऊ ते दीड घरात फक्त सासूबाई, आणि त्यांचे गुडघे काही गुंड्याच्या मागे धावू शकत नाहीत.

आतापर्यंतचं नुकसान: दोन चपला (दोन्ही डाव्या), देवघराखालच्या चौरंगाचा एक पाय, आणि काल लॅपटॉपच्या चार्जरची वायर. बटण बंद होतं म्हणून निभावलं. रात्रभर मला तेच दिसत होतं.

म्हणून क्रेटचा, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्याचा, विचार चाललाय. दुकानदार ४८ इंच लांबीचा दाखवतोय, "मोठाच घ्या म्याडम, पुढे पण कामाला येईल." सासूबाई म्हणतात, "पिंजरा पोपटाला असतो. ह्याने काय चोरी केलीय?" तर केवढा घ्यावा? लोखंडी, प्लास्टिकचा की कापडी? आत किती वेळ ठेवलेला चालतो? ओळखीतला एक वेल्डिंगवाला आहे, त्याच्याकडून करून घेऊ का?

खारुताई
४८ इंची ग्रेट डेनला लागतो हो! बहुतेक त्याला तो माल खपवायचाय. गावठी कुत्रा पुरता वाढला की साधारण १५ ते २० किलोचा होतो, त्याला ३६ इंची पुरेल. आमच्या लॅब्राडोरला ४२ होता. फक्त सोबत आत सरकवायची जाळी, म्हणजे डिव्हायडर, मिळतोय ना ते बघा. कुत्रं जिथे झोपतं तिथे सहसा घाण करत नाही. शी-शूची शिस्त लावायला क्रेटचा जो काही उपयोग होतो तो या एका सवयीमुळे. पिल्लाला अख्खा ३६ इंची मोकळा दिलात की ते एका टोकाला झोपणार आणि दुसऱ्या टोकाला मुतणार. उभं राहता येईल, गर्रकन वळता येईल आणि पाय ताणून आडवं होता येईल एवढीच जागा आत्ता ठेवा, मग वाढेल तसतशी जाळी मागे सरकवा.

लोखंडी घडीचा घ्या. कापडी त्याच्या दातांपुढे आठवडाभरही टिकणार नाही, प्लास्टिकचा प्रवासाला बरा. गजांमधल्या फटीत पिल्लाचा खालचा जबडा अडकणार नाही ना, हे दुकानातच बघा. दाराला दोन कड्या हव्यात. आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा आठवणीने काढायचा, त्याची कडी गजात अडकून फास बसू शकतो.

वेल्डिंगवाल्याचा प्रयोग मी करून चुकलेय. भक्कम झाला, पण दोघांनी उचलावा लागे, घडी होत नव्हती, सांध्यांवर कानशीने घासूनही टोकं लागत होती. तळाचा ट्रे बाहेर सरकत नव्हता, म्हणजे रोज सकाळी फडकं घेऊन मी अर्धी आत, अर्धी बाहेर. आता त्यात कुंड्या आहेत.

कोकणकडा
कुत्रा पिंजऱ्यातच ठेवायचा तर पाळायचा कशाला? आमच्या गावाला पडवीत गोणपाट टाकलं की विषय संपला. आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचा, १९६० चा, कलम ११. जनावराला नीट हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे.

खारुताई
पडवी असती तर त्यांनी धागा काढलाच नसता. त्याच कलमात आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवण्याबद्दलही लिहिलंय बरं का, आणि ते गावोगाव किती घरांत चालतं हे तुम्हीही बघितलं असेल.

उत्तरध्रुव
मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते. इथे घरात कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून ठेवायला नियमानेच मनाई आहे. प्रवासात वगैरे चालतं, एरवी नाही. शेजारच्या फिनलंडमध्येही जवळपास तसंच. शिवाय इथे दिवसा दर सहा तासांच्या आत कुत्र्याला बाहेर फिरवून आणलंच पाहिजे, पिल्लांना त्याहून लवकर. मग नोकरी करणारे काय करतात? कुत्र्यांचं पाळणाघर असतं, हुंददागिस म्हणतात. सकाळी पोरगं बालवाडीत सोडायचं, मग कुत्रं त्याच्या बालवाडीत. घरात स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावतात. क्रेट पुष्कळांकडे असतो, पण दार उघडं किंवा काढूनच टाकलेलं. त्यामुळे क्रेटशिवाय पिल्लू वाढतच नाही असं काही नाही.

रातकिडा
मी थोडं सविस्तर लिहितो, कारण एकदा सगळं चुकीचं करून झालंय.

आमची पहिली कुत्री, चार वर्षांची, दत्तक घेतलेली. एकटी राहिली की दार ओरबाडायची, म्हणून कुणीतरी सांगितलं क्रेट आणा. आणला, पहिल्याच दिवशी आत घातली, दार लावलं आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी आलो तर ट्रेवर रक्त, पुढच्या पायाचं एक नख मुळापासून उपटलेलं, आणि दोन गज वाकलेले. दातांनी वाकवले होते. एकटेपणाची धास्ती घेतलेल्या कुत्र्याला कोंडलं की ती धास्ती कमी होत नाही, उलट वाढते, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. त्या कुत्रीसाठी आम्ही क्रेट परत कधी वापरला नाही.

दुसऱ्या वेळी पिल्लू होतं, तेव्हा तीन आठवडे घेतले. पहिले चार-पाच दिवस दार दोरीने मागे बांधून टाकलं होतं, चुकून आपटून आवाज व्हायला नको म्हणून. येता-जाता आत उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचो आणि काही न बोलता निघून जायचो. मग जेवणाचं भांडं दारापाशी, दुसऱ्या दिवशी वीतभर आत, शेवटी पार मागच्या टोकाला. तो आत जेवत असताना दार नुसतं लोटायचं, खाणं संपायच्या आत उघडायचं. मग कडी लावून दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं. मी समोर जमिनीवर बसून. नंतर उठून स्वयंपाकघरात जाऊन यायचं. रबराच्या पोकळ खेळण्यात दही भरून फ्रीजरला गोठवून द्यायचो, त्यात त्याची वीस मिनिटं जायची. पीनट बटर भरणार असाल तर डबा वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

शिक्षा म्हणून आत घालायचं नाही, कितीही राग आला तरी. चप्पल फाडली म्हणून एकदा जरी "जा आत" करून ओरडलात तरी तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

आता वेळेचं. अंदाज म्हणून जितके महिने वय अधिक एक, तितके तास पिल्लू शू धरून ठेवतं. गुंड्या जेमतेम अडीच महिन्यांचा, म्हणजे फार तर साडेतीन तास, तेही झोपलेला असेल तर. तुमचे नऊ ते दीड म्हणजे साडेचार. ताई, हे साडेचार तास कोंडण्यासाठी क्रेट घेत असाल तर घेऊ नका. हॉलच्या कोपऱ्यात फोल्डिंग जाळीचं कुंपण करा, वायरी सगळ्या बाहेर, क्रेट त्याच्या आत दार उघडं ठेवून, आणि दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र. सासूबाईंनी खुर्चीत बसून लक्ष ठेवायचं, धावायचं नाही. अकरा वाजता शेजारचं कुणी पाच मिनिटं येऊन गेलं तर फारच छान.

वऱ्हाडी_ठेचा
पुण्यावाल्यांना सांगून फायदा नाही, तरी सांगतो. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. "गुहेसारखं वाटलं पाहिजे" म्हणून व्हिडिओत बघून लोक क्रेटवर जाड चादर झाकतात, खिडकीतलं ऊन त्याच्यावर. अरे बाप्पा, भट्टी होते ती! कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करते, त्याला हवा खेळती पाहिजे. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर विचारूच नका. लोखंडी जाळीचा क्रेट, कूलरच्या वाऱ्यात, ऊन नसलेल्या जागी, झाकायचं तर एकच बाजू सुती पंचानं. पाण्याचं भांडं गजाला अडकवायचं मिळते, ते घ्या, नाहीतर रोज सांडते.

सांजवारा
बापरे, इतकं कुणी सांगितलंच नव्हतं. रातकिडा, नखाचं वाचून काटा आला. साडेचार तासांचं गणित मी सोयीस्करपणे केलंच नव्हतं, हे कबूल. कुंपणाचं सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या "हे बरं आहे, अंगण झालं." पिंजरा हा शब्द घरात आता बंद केलाय.

आणखी एक. लसीचे डोस पूर्ण झालेले नाहीत, त्यामुळे खाली नेता येत नाही. रात्री दोनला रडतो तेव्हा नक्की काय करायचं?

पाऊलखुणा
रात्री क्रेट तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हॉलमध्ये नाही. आत्तापर्यंत भावंडांच्या ढिगात झोपलेलं पोर ते. गजातून बोटं आत सोडली की पुष्कळदा तेवढ्यावर झोपतं. झोपताना शू झालेली असेल आणि नुसती कुरकुर असेल तर हात ठेवून पडून राहा. पण गाढ झोपेतून उठून चुळबुळ करत रडला तर त्याला लागलेली असते. उचला, दिवा न लावता बाल्कनीतल्या ट्रेवर न्या, झाली की "शाब्बास" आणि परत आत. खेळायचं नाही, बोलायचं नाही. दोन वाजता लाड केलेत की रोज दोन वाजता हजेरी.

पार्वो या विषाणूच्या आजाराची भीती खरी आहे, डोस होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर ठेवू नका. कडेवर घेऊन गेटपर्यंत जरूर न्या, रिक्षा, हॉर्न, भाजीवाला सगळं बघू दे. जिथे शू करून ठेवतो तिथे अमोनियाच्या वासाचं काही वापरू नका, त्याला तो मुताचाच वास वाटतो. फिनाइलही नको. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते आणा.

तिरफळ
थोडं अवांतर. क्रेटची सवय असेल तर कुत्रा दादरहून मडगावला रेल्वेने सोबत नेता येतो का? दिवाळीला जायचंय, फटाक्यांत एकटा ठेववत नाही.

कोकणकडा
फर्स्ट एसीचं अख्खं कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तरच सोबत. टू टियर, थ्री टियरमध्ये चालत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, आणि ती मी माझ्या शत्रूच्या कुत्र्यालाही सुचवणार नाही, अंधार आणि खडखडाट. दोन्ही प्रकारांत पार्सल ऑफिसात आधी बुकिंग करावं लागतं, लसीकरणाचं पुस्तक सोबत ठेवा. जमलं तर कारने जा, मागच्या सीटवर क्रेट पट्ट्याने घट्ट बांधून.

(हो, मला क्रेट आवडत नाही. गाडीत मात्र हवाच, ब्रेक लागला तर कुत्रा उडतो.)

खारुताई
फटाक्यांच्या वेळी क्रेट घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, गोधडी टाकून, पण दार उघडंच ठेवा. घाबरलेल्या कुत्र्याला कडी लावायची नाही. त्याला पलंगाखाली जायचं असेल तर पलंगाखाली.

रातकिडा
सांजवारा, आमच्याकडे ३६ इंची पडून आहे, डिव्हायडरसकट. ट्रेच्या एका कोपऱ्यावर दातांचे ठसे आहेत, बाकी ठणठणीत. पैसे नकोत. कोथरूडहून घेऊन जा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सांजवारा
घेऊन आलो, मनापासून आभार! आज सोळावा दिवस. दुपारची झोप आपणहून आत जाऊन काढतो, दार उघडं. कडी लावून परवा बारा मिनिटं झाली, रात्री मात्र अजून एकदा उठतो. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या लुगड्याची चौघडी शिवून आत घातली, त्याने तासाभरात तिची किनार कुरतडली, तरी त्या मलाच म्हणाल्या, "तूच दात शिवशिवायचं काही आणून दिलं नसशील."

एकच त्रास: तो कूस वळला की ट्रे खडखडतो, स्वतःच दचकून उठतो, आणि मग आम्ही सगळे उठतो.

रातकिडा
अरे हो, सांगायचं राहिलं! ट्रे काढून खाली जुनी सतरंजी दुमडून घाला. आमची त्यातच होती, देताना काढून घेतली. शनिवारी तिकडे येतोय, घेऊन येतो.