जहाल रेझर, शिकाऊ हात: तुमचे अनुभव सांगा

तीन पात्यांचं कार्ट्रिज सोडून दुधारी पात्याच्या सेफ्टी रेझरवर येऊन मला दोन महिने झाले. रेझर निवडताना नाव, वजन, मूठ सगळं पाहिलं. फक्त 'अग्रेसिव्ह' या शब्दाचा अर्थ कुणाला विचारला नाही. माझी दाढी तारेसारखी राठ, तेव्हा जितका जहाल तितका बरा असा माझा हिशेब. पहिल्याच सकाळी हनुवटीवर दोन, कंठमण्याच्या आजूबाजूला तीन आणि वरच्या ओठावर एक, असे कागदाचे सहा तुकडे चिकटवून मी आरशासमोर उभा. शेजारी बायको. ती म्हणाली, "मांजराशी भांडलास का?"

चूक काय होती ते आता कळतंय. कार्ट्रिजचं डोकं मानेत हलतं, गालाच्या वळणाप्रमाणे आपलं आपण फिरतं. त्यामुळे आपण वर्षानुवर्षं नुसतं दाबत असतो आणि ते निभावून जातं. इथे मान ताठ, कोन मनगटाने धरायचा. आता मी टोपी (डोक्याचा वरचा भाग) गालावर सपाट टेकवतो, म्हणजे दांडा गालाशी काटकोनात येतो. मग दांडा हळूहळू खाली आणायचा. ज्या क्षणी पातं केसाला धरतं तिथे थांबायचं. पातं आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंश राहतात. दांडा टोकाकडे, अंगठा आणि दोन बोटांत, पेन्सिल धरावी तसा. हात एका वेळी दोन-अडीच सेंटीमीटरच पुढे. त्याहून लांब गेला की वळणावर कोन सुटतो.

आणि कान उघडे ठेवा! कोन बरोबर असेल तर खुंट कापल्याची बारीक करकर ऐकू येते. ती थांबली की एक तर तिथले केस संपलेत, नाहीतर कोन बिघडलाय. बाथरूममधला पंखा बंद करून दाढी करायला लागल्यापासून माझ्या चिरा निम्म्यावर आल्या. हे कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

गळा मात्र अजून जमत नाही. तुम्ही कसे शिकलात? काय चुकलं, काय जमलं, सोडून दिलं असेल तर का, सगळं लिहा.

*

दादा, आधी एक घोळ निस्तरतो, कारण मीही त्यात अडकलो होतो. अग्रेसिव्ह म्हणजे धारदार नव्हे. धार पात्याची, जहालपणा डोक्याचा. तेच पातं मवाळ डोक्यात घातलं तर मुकाट्याने वागतं आणि जहाल डोक्यात घातलं तर चावतं.

पातं असतं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं. टोपी आणि खालची पट्टी यांच्यात ते वाकवून आवळलेलं असतं. दोन गोष्टी बघायच्या. एक, पात्याची कड आणि खालची दांडी (म्हणजे पट्टीची कातडीला टेकणारी कड) यांच्यातली फट. दुसरी, टोपीच्या आणि दांडीच्या कडेला टेकणारी एक सरळ रेषा मनात ओढली तर धार तिच्या बाहेर किती डोकावते. लोक फटीचे आकडे तोंडपाठ करतात, पण त्वचेला जाणवतं ते डोकावणं. फट मोठी आणि धार आत, असा रेझर फारसा त्रास देत नाही. फट बेताची आणि धार बाहेर, असा रेझर चुकीला माफ करत नाही. शिवाय पातं नीट आवळलेलं नसेल तर चालवताना ते किंचित थरथरतं, खुंटावर अडखळतं आणि मग सुटून पुढे धावतं. चिरा तिथे पडतात.

जहाल म्हटलं की बहुतेकजण जर्मन म्यूलेच्या आर४१चं नाव घेतात. त्याच घराण्यातला आर८९ अगदी मवाळ. मला विचाराल तर शिकाऊ माणसाने फिरत्या चकतीचा रेझर घ्यावा, म्हणजे चकती फिरवून जहालपणा कमी-जास्त करता येतो. मर्कूर फ्यूचरवर १ ते ६ आकडे असतात. जिलेटचा १९५८चा जाडजूड 'फॅटबॉय' १ ते ९ असायचा, तो आता जुन्या मालातच मिळतो. रॉकवेलच्या ६एसमध्ये चकती नाही, पट्ट्या बदलायच्या. आधी सगळ्यात खालच्या आकड्यावर महिना काढा. मग एकेक आकडा चढा, आणि ज्या आकड्यावर तुरटी झोंबायला लागेल त्याच्या एक खाली राहा. मी फ्यूचरवर ३ला थांबलो. ६ एकदाच लावून पाहिला, हौस फिटली.

*

दाबू नका. बाकी सगळं आपोआप येतं.

(हे लिहिणं सोपं आहे. मला यायला पाच महिने लागले.)

*

माझ्या हाताचा दोष नव्हता, तरी आठवडाभर मी स्वतःलाच बोल लावत होतो. उजवा गाल गुळगुळीत, डावा गाल सोललेला. वाटलं, डाव्या बाजूला माझा हात वळत नसेल. एका रविवारी रेझर दिव्यासमोर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला, तर एका बाजूला पात्याची कड नुसती रेघ दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला चक्क पट्टी. पातं तिरकं बसलं होतं. मी टोपीत पातं ठेवून, वर खालची पट्टी घालून, दांडा गरागरा आवळायचो. ते चूक.

आता टोपी उलटी करून तळहातावर ठेवतो, पातं तिच्या खुंट्यांत बसवतो, वरून पट्टी. मग पात्याची जी दोन बोथट आखूड टोकं बाहेर राहतात, ती दोन बोटांनी धरून पातं सरळ करतो आणि तसंच धरून ठेवत दांडा आवळतो. मग दिव्यासमोर दोन्ही बाजू तपासतो. मवाळ रेझरमध्ये केसभर फरक पचून जातो; जहाल रेझरमध्ये तोच फरक गालावर उमटतो. पातं काढतानाही तीच आखूड टोकं धरायची. धारेकडून उचलायला गेलो होतो एकदा. आठवडाभर जेवताना बोट वर.

*

बायकांचा अनुभव चालेल ना? मी पायांसाठी आणि काखेसाठी वापरते. भावाने हौसेने घेतलेला आणि तीन दिवसांत टाकून दिलेला रेझर माझ्याकडे आला. जहाल आहे हे त्याने देताना सांगितलं नाही.

पोटरी सोपी आहे, सरळ मैदान. घोटा आणि गुडघा मात्र वैरी. नडगीवर कातडी आणि हाड यांच्यात काहीच नसतं, तिथे रेझरचं स्वतःचं वजनही जास्त होतं, म्हणून मी दांडा थोडा तोलूनच धरते. गुडघा अर्धवट वाकवायचा, कातडी ताणली जाईल इतकाच. पूर्ण वाकवला तर हाडाचे कोपरे वर येतात. काखेत केस एका दिशेने उगवतच नाहीत, वरचे वर आणि खालचे खाली. तिथे हात वर करून कातडी ताणायची आणि तीन बाजूंनी छोटे छोटे हात मारायचे.

सगळ्यात मोठा धोका धारेचा नाही, साबणाचा. ओल्या, बुळबुळीत हातातून गुळगुळीत दांडा निसटतो. एकदा निसटला तेव्हा मी पकडायला हात पुढे केला. तसं कधीही करू नका. पडू द्या, पडलेला रेझर उचलता येतो. आता आधी हात कोरडे पुसते, मगच दांडा धरते.

*

केस कुरळे असणाऱ्यांसाठी लिहितोय. आमचं दुखणं चिरांचं नसतं, पुटकुळ्यांचं असतं. कापलेला केस टोकदार होऊन वळतो आणि परत कातडीत शिरतो. गळ्यावर सात-आठ लाल गाठी कायमच्या मुक्कामाला. एका पात्याने त्या कमी होतील असं ऐकून मी हा रेझर घेतला, आणि कमी झाल्याही. पण मग लोभ सुटला. सुलट हात (केस उगवतात त्या दिशेने), आडवा हात, आणि मग उलटा हात. गाल आरशासारखा झाला. चौथ्या दिवशी गळा पेटला.

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं: केस कातडीच्या पातळीच्या खाली कापला गेला की तो आतच वळतो. म्हणजे मला हवी होती ती गुळगुळीत दाढीच माझी शत्रू. आता जहाल रेझर आहे, पण फक्त सुलट, फक्त एकदा. संध्याकाळी हात फिरवला तर खरखर लागते. लागू दे. तुम्हाला गळा जमत नाही म्हणताय दादा, आधी दोन दिवसांची दाढी वाढवून बोट सगळीकडून फिरवा. कुठल्या बाजूने बोट अडतं ते बघा. माझे केस डाव्या गळ्यावर खालून वर आणि उजव्या गळ्यावर चक्क आडवे उगवतात. हे कळेपर्यंत मी सुलट समजून अर्धा गळा उलटा करत होतो.

*

पोरांनो, माझं वय सत्तरीच्या पुढे. दुधारी पात्यावरच आयुष्य गेलं. लहानपणी वडील दाढी झाल्यावर पातं काढून, धुऊन, अलगद कोरडं करून कागदात ठेवायचे, कारण तेव्हाची कार्बन पोलादाची पाती गंजत. १९६२ साली विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस पातं आणलं, मग इतरांनाही आणावं लागलं, आणि पुसापुशी संपली. पातं पुसायला जाऊ नका. धार तिथेच मरते. नळाखाली धरा, झटका आणि ठेवून द्या.

आता माझी गंमत. चाळीस वर्षं जहाल रेझर वापरला, गर्वाने. तीन वर्षांपूर्वी रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली आणि पहिल्याच चिरेने धडा दिला. एरवी दोन मिनिटांत थांबणारं रक्त अर्धा तास थांबेना. तुरटीचा खडा पाण्यात बुडवून दाबून धरला, रक्त थांबवायची कांडी लावली, शेवटी स्वच्छ फडकं धरून खुर्चीत बसलो. त्याच आठवड्यात मवाळ रेझर आणला. यात कमीपणा नाही. ज्यांना अशी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नवा नाद लावून घेऊ नये.

आणि बाद पाती डब्यात साठवा, झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात. कचऱ्यात सुटं पातं टाकलं की ते उचलणाऱ्याचा हात कापतो. त्याचा काय गुन्हा?

*

मला नाही जमलं. दोन महिने, तीन प्रकारची पाती, तीन साबण. पहाटे साडेपाचला गाडी पकडायची असते, तेव्हा ३० अंश आणि करकर ऐकायला वेळ नाही. कार्ट्रिजवर परत गेलो, सुखात आहे. रेझर सुंदर आहे, कपाटात ठेवलाय. कधी कधी काढून नुसता हातात धरतो.

*

कुणीच फेसाबद्दल लिहिलं नाही याचं नवल वाटलं. सगळे कोन आणि फट यांच्या मागे. दाढीची पूर्वतयारीच कच्ची असेल तर जहाल रेझर तुमची अक्षरशः बिनपाण्याने करतो.

डब्यातला फवारा सोडून ब्रश आणि साबण घेतला तेव्हा माझा फेस दिसायला डोंगराएवढा, पण आत नुसती हवा. गालावर लावून मिनिटभर थांबलो की वाळून कोरडा पापुद्रा. हवा असतो तो चकचकीत, जड, ओला फेस, ज्यात मोठे बुडबुडे दिसत नाहीत. अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळला तर बोटं घसरली पाहिजेत. घसरली नाहीत तर ब्रशच्या टोकाला दोन थेंब पाणी, परत फिरवा. हे तीनदा करावं लागतं. आंघोळीनंतर दाढी करा, किंवा निदान दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल गालावर धरा. भिजलेला केस फार सहज कापला जातो. आणि दुसरा हात मारण्याआधी पुन्हा फेस लावायचा. "इथे थोडंसंच राहिलंय" म्हणत कोरड्या गालावर रेझर फिरवला की संपलं. माझ्या निम्म्या चिरा त्या 'थोडंसंच'च्या आहेत.

*

(धागा काढणाराच.) सगळ्यांचं वाचून तीन आठवडे गेले. बोट फिरवून पाहिलं. माझे गळ्यावरचे केस कंठमण्याच्या डावीकडे कानाच्या दिशेने उगवतात. मी वरून खाली ओढत होतो. आता कंठमण्यावरची कातडी बोटाने बाजूला सरकवतो, म्हणजे उंचवट्यावर न करता शेजारच्या सपाट जागेवर होते. काका, डबा केला. काकांचं दुसरंही ऐकलं, पातं पुसणं बंद. आणि दिव्यासमोर धरून बघितलं तर माझंही पातं जरासं तिरकंच होतं, हे सांगायला थोडी लाज वाटते.

दाढी झाल्यावर ओली तुरटी सगळीकडून फिरवतो. जिथे दाबलं तिथे ती झोंबते, चिर दिसत नसली तरी. पहिल्या आठवड्यात तोंडभर झोंबायची. आज फक्त एका ठिकाणी, डाव्या जबड्याच्या कडेखाली, जिथे उजवा हात छातीवरून वळवून न्यावा लागतो आणि मनगट आखडतं. उद्या तिथे डाव्या हाताने करून बघणार आहे. बायकोला सांगितलंय, कागदाचे तुकडे तयार ठेव.