सुईची तपासणी केली की गाठ पसरते का?

मानेवाड्याची सून
माझ्या सासूबाई ५४ वर्षांच्या आहेत. त्यांच्या डाव्या स्तनात काखेकडच्या बाजूला गाठ हाताला लागली, पण दुखत नाही म्हणून त्यांनी महिनाभर कोणालाच सांगितले नाही. मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) अहवालात 'बायरॅड्स ४ बी' असे लिहिले असून धंतोलीतील सर्जननी बायॉप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे) सांगितली आहे. मात्र थोरल्या जाऊबाईंपासून सगळ्यांचे म्हणणे असे, की सुई टोचली की गाठ खवळते, त्यापेक्षा ऑपरेशन करून एकदाची काढून टाकावी. त्यातच '४' म्हणजे चौथी स्टेज असे समजून सासूबाईंनी जेवणच टाकले आहे.

सूक्ष्मदर्शक
ताई, आधी त्यांना जेवायला घाला. बायरॅड्स हा केवळ छायाचित्रावरून बांधलेला अंदाज आहे. '४ बी' म्हणजे कर्करोग असण्याची शक्यता १० ते ५० टक्के. त्याचा स्टेजशी काहीही संबंध नाही.

सुईने रोग पसरून रुग्णाचे आयुष्य घटते, असे दिसून आलेले नाही. उलट निदानाआधीच गाठ काढली आणि ती कर्करोगाची निघाली, तर कडेला रोग उरल्यामुळे पुन्हा ऑपरेशन करावे लागू शकते. शिवाय काही प्रकारांत आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करायची आणि औषध लागू पडते की नाही हे डोळ्यांनी पाहायचे, ही संधी कायमची जाते. जागा बधिर करून, जाड सुईने गाठीचा अखंड तुकडा काढणारी ट्रू-कट बायॉप्सीच करून घ्या. बारीक सुईच्या एफएनएसीत फक्त सुट्या पेशी मिळतात आणि रोग दुधाच्या नलिकेतच आहे की बाहेर पडला आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

वर्धमाननगरची काकू
मी स्वतः यातून गेले आहे. स्तन न काढता फक्त गाठ काढली, मग रेडिएशन झाले आणि आता टॅमॉक्सिफेनची (संप्रेरकाचा परिणाम रोखणारी) गोळी सुरू आहे. कर्करोग निघालाच तर ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरील संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-२ (गाठ वाढवणारे प्रथिन) यांचा अहवाल मागितल्याशिवाय उठू नका, कारण पुढची सगळी औषधे त्यावरच ठरतात. माझा हर-२ '२+', म्हणजे ना धड होकार ना नकार, असा आला होता. अशा वेळी फिश (हर-२ चे जनुक पाहणारी) तपासणी करावी लागते, हे मला कोणी सांगितलेच नाही आणि त्यात तीन आठवडे गेले. काढलेला तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या, म्हणजे नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या कर्करोग संस्थेत दुसरे मत घेताना पुन्हा सुई टोचावी लागणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा.

मानेवाड्याची सून
आभारी आहे. बायॉप्सी सोमवारी ठरली. आता मीही मॅमोग्राफी करून घ्यावी का? मी ३३ वर्षांची आहे.

सूक्ष्मदर्शक
सासूबाईंचे रक्त तुमच्यात नाही, त्यामुळे त्यांच्यामुळे तुमचा धोका वाढत नाही. या वयात स्तन दाट असल्याने मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. गाठ लागलीच तर सोनोग्राफी करा. एरवी तिशीनंतर डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडून हाताने तपासणी करून घेत जा. तिला कमी लेखू नका: मुंबईत टाटा स्मारक केंद्राच्या २० वर्षांच्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले.

नणंद असेल तर मात्र तिला आजच कळवा. अहवाल काहीही येवो, चाळिशीला तिची मॅमोग्राफी सुरू व्हायला हवी.