मदत हवी आहे: लेकीचा अमेरिकेतला ‘टॅक्स-एक्झेम्प्ट’ बाँड फंड तपासायचा कसा?

नमस्कार मंडळी,

मी प्रतापनगर, नागपूरचा. राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त, शेवटची बारा वर्षं कर्ज विभागात काढली. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांचे ताळेबंद पुष्कळ चाळले, पण म्युच्युअल फंडाच्या वाटेला फारसा गेलो नाही. आता गेलोय तो थेट अमेरिकेतल्या.

लेक ११ वर्षांपासून न्यू जर्सीत नोकरीला आहे. तिथल्या एका सल्लागाराच्या सांगण्यावरून दीड वर्षापूर्वी तिने ४० हजार डॉलर एका ‘नॅशनल म्युनिसिपल बाँड फंडा’त टाकले. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, जन्मभर लोकांची कर्जं तपासली, आता माझा फंड तपासा." फॅक्टशीट पाठवली. मोबाईलवर आकडे वाचून मला काही उमजत नाही, म्हणून प्रिंट काढून आणली आणि लाल पेन घेऊन बसलो.

मला समजलं ते असं. तिथली राज्यं, शहरं, शाळांची मंडळं, पाणीपुरवठा, विमानतळ हे सगळे रोखे काढतात आणि त्या व्याजावर केंद्राचा आयकर बहुतेक लागत नाही. ज्यामागे कर बसवायचा अधिकार उभा असतो ते जनरल ऑब्लिगेशन रोखे. टोल, पाणीपट्टी, हॉस्पिटलची कमाई अशा एखाद्या उत्पन्नातून फेडायचे ते रेव्हेन्यू रोखे. दुसरा प्रकार मला लगेच ओळखीचा वाटला, कारण तिथे आपला डी.एस.सी.आर.च लावायचा: हप्त्याच्या किती पट कमाई आहे ते बघायचं.

फॅक्टशीटवरचे आकडे देतो. एस.ई.सी. यील्ड (तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या सूत्राने काढलेला परतावा) ३.४ टक्के. डिस्ट्रिब्यूशन यील्ड (प्रत्यक्ष वाटलेल्या रकमेवरून काढलेला) ३.९ टक्के. ड्युरेशन ६.८ वर्षं. खर्चाचं प्रमाण ०.६२ टक्के. रोख्यांचं रेटिंग, म्हणजे पत: सर्वांत वरचे ए.ए.ए. आणि ए.ए. मिळून ५२ टक्के, ए २८, बी.बी.बी. १२, त्याखालचे किंवा रेटिंग नसलेले ८.

एक, दोन यील्डपैकी खरं कोणतं धरायचं? सल्लागाराने ३.९ सांगितलं होतं. दोन, लेक २४ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. मी ३.४ भागिले ०.७६ केलं, ४.४७ आलं. म्हणजे करपात्र फंड ४.४७ पेक्षा जास्त देत असेल तरच तो बरा, हे गणित बरोबर आहे ना? तीन, दोन-अडीच वर्षांत ती नागपूरला परत यायचं म्हणते (तिची आई रोज विचारते, मी विचारत नाही). आल्यावर या ‘टॅक्स-फ्री’चं काय होतं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १: कूपनकापे

काका, ३.४ धरा. ३.९ विसरा.

तिकडचे म्युनिसिपल रोखे बऱ्याचदा ५ टक्के कूपनचे (दर्शनी किमतीवरचं ठरलेलं वार्षिक व्याज) असतात आणि बाजारात दर्शनी किमतीच्या वर मिळतात. समजा १०० चा रोखा ११० ला घेतला, मुदत १० वर्षं. दरवर्षी ५ हातात येतात, म्हणजे ११० वर साडेचार टक्के झाले असं वाटतं. पण शेवटी परत मिळतात १००. ते १० डॉलर दरवर्षी थोडे थोडे झिजत असतात. ती झीज धरली की खरा परतावा ३.७८ च्या आसपास येतो. डिस्ट्रिब्यूशन यील्ड ही झीज दाखवत नाही, एस.ई.सी. यील्ड दाखवतं, तेही खर्च वजा करून. पाण्यासोबत विहीरही थोडी थोडी विकली जातेय, असं समजा.

०.६२ खर्च मात्र मला खुपतो. अशा फंडांत इंडेक्सवाले (नुसती निर्देशांकाची नक्कल करणारे) याच्या पाव भागाहून कमी घेतात. साडेतीन टक्क्यांच्या मालावर सहा दशांश म्हणजे दलालाने सहावा हिस्सा उचलला.

ड्युरेशन ६.८ चा अर्थ, व्याजदर १ टक्का चढला तर फंड साधारण ६.८ टक्के उतरेल. २०२२ आठवा. मार्चच्या सुरुवातीला फेडचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, दर ० ते ०.२५ होता, डिसेंबरात ४.२५ ते ४.५० झाला. त्या वर्षी ब्लूमबर्गचा म्युनिसिपल निर्देशांक साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडला. एकही मोठं शहर बुडालं नव्हतं त्या पडण्यासाठी. लेकीला दोन वर्षांत पैसे लागणार असतील तर ६.८ ची ड्युरेशन तिच्या कामाची नाही. रेटिंग नंतर बघा, आधी हे.

प्रतिसाद २: एडिसनची_ताई

मी न्यू जर्सीतच राहते म्हणून लिहितेय. काका, तुमचं भागाकाराचं गणित केंद्राच्या करापुरतं बरोबर आहे, पण राज्याचा कर राहिला. न्यू जर्सी फक्त न्यू जर्सीच्याच रोख्यांच्या व्याजाला सूट देते. ‘नॅशनल’ फंडात कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू यॉर्क सगळे असणार, त्यांच्या व्याजावर इथे कर भरावा लागतो. तुमच्या लेकीला बहुधा ६.३७ टक्क्यांचा दर लागत असेल. म्हणजे ३.४ चे हातात राहिले साधारण ३.१८.

आता याच्या शेजारी अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी रोख्यांचा फंड ठेवा. समजा तो ४.३ देतो. त्यावर केंद्राचा २४ टक्के कर लागतो, पण ट्रेझरीच्या व्याजावर राज्याचा कर नसतो. उरतात ३.२७. म्हणजे ‘करमुक्त’पेक्षा कर भरून जास्त, आणि बुडायची भीती जवळपास नाही. ३२ किंवा ३५ टक्क्यांच्या टप्प्यात असती तर पारडं फिरलं असतं. सल्लागाराने तिचा टप्पा विचारला होता का, एवढं विचारा.

आणि हो, महत्त्वाचं: हे ४० हजार साध्या खात्यात आहेत की आय.आर.ए.मध्ये?

धागाकर्ता

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीने रात्रीची झोप उडवली. इथल्या साडेसातला, म्हणजे तिच्या सकाळी, फोन केला. २६ हजार साध्या खात्यात आहेत आणि १४ हजार ट्रॅडिशनल आय.आर.ए.मध्ये! मला आय.आर.ए. म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तीच म्हणाली, "ते रिटायरमेंटचं असतं, बाबा." त्यात करमुक्त ठेवल्याने काय बिघडतं?

प्रतिसाद ३: एडिसनची_ताई

त्या खात्यात पैसे असेपर्यंत कशावरच कर लागत नाही आणि काढताना सगळं साधं उत्पन्न म्हणून करपात्र होतं. म्हणजे करमुक्त व्याजाचं कमी यील्ड घ्यायचं आणि शेवटी त्यावर कर भरायचा! रेनकोट घालून वर छत्री, आणि दोन्हीचं भाडं. बरी गोष्ट ही की आय.आर.ए.च्या आतल्या आत फंड बदलला तर त्या बदलावर कर बसत नाही.

प्रतिसाद ४: वऱ्हाडी_ऑडिट

काका, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. पोरगी ११ वर्षं बाहेर आहे म्हणून परत आल्यावर दोन-तीन वर्षं ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा मिळावा. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असलं की तो मिळते. तेवढ्या काळात परदेशातलं असं उत्पन्न इथे करपात्र नाही. त्यानंतर मात्र जगभरचं उत्पन्न भारतात दाखवावं लागते, आणि अमेरिकेने सूट दिली म्हणून आपलं आयकर खातं काही सोडत नाही. वरून गंमत अशी की तिकडे कर भरलेलाच नसते, मग इथे वजावट तरी कशाची मागणार? तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर ३.४ चे सरचार्ज-सेस सोडून २.३८ राहतात. गोधनीतल्या भाड्याच्या खोलीपेक्षाही वाईट.

पैसे तिकडे ठेवायला फेमाची (परकीय चलन कायद्याची) अडचण नाही, अनिवासी असताना कमावलेलं ठेवता येते. पण सामान्य निवासी झाल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचंच.

आणि ‘जनरल ऑब्लिगेशन म्हणजे सुरक्षित’ असं डोक्यात पक्कं करू नका. डेट्रॉइट २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा त्या रोखेधारकांनाही कमी घ्यावं लागलं, उलट पाणी-मलनिस्सारणाच्या रेव्हेन्यू रोखेवाल्यांचे पैसे बुडाले नाहीत. लोक घर सोडतात, कर चुकवतात, पण नळाचं बिल भरतात. डी.एस.सी.आर. लावायची तुमची खोड चांगली आहे, फक्त फंडात हजारो रोखे असतात, त्यामुळे एकेकाला लावता येणार नाही. ते ८ टक्के कशाचे आहेत तेवढं मात्र उघडून बघाच. वृद्धाश्रम आणि नव्या खासगी शाळा असतील तर सांभाळून.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आय.आर.ए.मधले १४ हजार लेकीने कालच एका स्वस्त करपात्र बाँड फंडात फिरवले. साध्या खात्यातल्या २६ हजारांवर कागदोपत्री ९०० डॉलरचा तोटा दिसतोय, म्हणून तिचा जीव अडकलाय. मी म्हटलं, एन.पी.ए. (थकीत) झालेलं खातं ‘पुढच्या तिमाहीत सुधारेल’ म्हणत किती मॅनेजर बसून राहिले ते मी पाहिलंय. तो तोटा करात वजा होतो हे कूपनकापेंनी व्यनितून (खासगी निरोपातून) सांगितलं, तेही तिला कळवलंय. आता तिचं ती ठरवेल. आठ टक्क्यांची यादी मागवली आहे, ४७ पानांची निघाली, प्रिंट काढायला गोपालनगरच्या झेरॉक्सवाल्याकडे निघालोय.

जाता जाता: परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट नेहमी भरणारा सीए नागपुरात कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि करावा. कुठेही येईन, फक्त संध्याकाळी सीताबर्डीला बोलावू नका, गाडी लावायला जागा मिळत नाही.